शिडाच्या कापडातले अळीव

मथुरा गेल्याचं आत्मारामला कळलं तेव्हा तिला जाऊन एकवीस दिवस झाले होते.

साल एकतीस, महिना पौष. गलबत मंगळूरहून कौलं भरून आलं होतं आणि भरतीची वाट बघत खाडीच्या तोंडाशी उभं होतं. आत्माराम होडी करून पुढे आला आणि भाट्याच्या पुळणीवर उतरला. खांद्यावर वळकटी होती, हातात फुटक्या कौलांच्या तुकड्यांची पुरचुंडी. चुलतभाऊ बाळा माडाखाली उभा होता. एरवी हा बाळा लांबूनच हाका मारायचा, तंबाखू आणलीस काय म्हणून विचारायचा, नाही म्हटलं की चार शिव्या घालायचा. आज तो नुसता उभा होता.

"काय रे बाळ्या, वाचा बसली काय?" आत्माराम म्हणाला.

"आधी विहिरीवर चल," बाळा म्हणाला. "आंघोळ कर. मग घरात."

दोन महिन्यांनी घरी आलेल्या माणसाला घरात जायच्या आधी आंघोळ कशासाठी सांगतात ते आत्मारामला ठाऊक होतं. तो जागीच थांबला.

"आये?"

"आये बरी हाय."

"मग?"

बाळाने त्याच्या खांद्यावरची वळकटी काढून स्वतःच्या खांद्यावर घेतली. "वयनी," तो म्हणाला.

विहिरीवर बाळा पाणी काढत गेला आणि आत्माराम अंगावर घेत गेला. किती घागरी घेतल्या ते कुणी मोजलं नाही. पुरचुंडी विहिरीच्या काठावर ठेवली होती. तीत मंगळुरी कौलाचे चांगले भाजलेले, पातळ, हातात मावतील एवढे तुकडे होते. ते मथुरासाठी होते. तिला कौल खायची सवय होती. दुसऱ्या बायका नवऱ्याला सांगतात, येताना बांगड्या आणा, चोळीचा खण आणा. मथुरा म्हणायची, "माझं कौल विसरू नका हां." आत्माराम गलबतावर सांगायचा, माझ्या बायकोइतकी स्वस्त बायको सगळ्या बंदरात नाही. खलाशी हसायचे. तोही हसायचा.

घरात गेल्यावर आईने, गंगुबाईने, सगळं सांगितलं. तिचं सांगून झालं की ती पुन्हा पहिल्यापासून सांगायची. कार्तिकात मथुरा बाळंत झाली. मुलगा होता. मेलेलाच आला. रक्त फार गेलं. सखू सुईणीने होतं तेवढं केलं. सहाव्या दिवशी मथुरा उठली, दहाव्या दिवशी पाणी भरायला लागली. पाय सुजले होते. चार पावलं चालली की दम लागायचा. मग एक दिवस नारळाच्या सोडणांचा भारा घेऊन वाडीतून येत होती, पडवीच्या पायरीवर बसली.

"म्हणाली, आत्याबाय, जरा बसते. बसली ती उठलीच नाय रे."

जनी, त्यांची मुलगी, जयगडहून येऊन तेराव्यापर्यंत राहून गेली होती. मथुराच्या पाच बाळंतपणांतली ती एकटीच जगलेली. सोळा वर्षांची. तीही पोटुशी, चौथा महिना.

आत्माराम ऐकत होता आणि वर बघत होता. आढ्याला एक बोचकं टांगलेलं होतं. ते त्यानेच टांगलेलं. आश्विनात निघताना तो तरीच्या होडीने खाडीपलीकडे रत्नागिरीच्या बाजारात गेला होता आणि मथुराच्या बाळंतपणासाठी दोन शेर अळीव घेऊन आला होता. उंदीर लागू नयेत म्हणून जुन्या शिडाच्या कापडात बांधून, काथ्याच्या दोरीने गाठ मारून आढ्याला लावले होते. बोचकं तेवढंच भरलेलं होतं.

"आये, अळीव दिले नाहीस?"

"कुणाला?" गंगुबाई म्हणाली. "अळीव दुधासाठी असतात. प्यायला पोर नाय, मग दूध चढवून काय करायचं? छाती दाटली असती, ताप भरला असता. रीत हाय ती."

रीत आत्मारामलाही माहीत होती. तो घरी असता आणि कुणी विचारलं असतं तर त्यानेही तेच सांगितलं असतं.

फक्त एक गोष्ट त्याच्या नजरेत आली. गाठ त्याचीच होती, पण त्याने मारली होती तशी ती राहिली नव्हती. आवळली होती. तसली गाठ आखूड टोक ओढलं की सुटते. ज्याला ते ठाऊक नाही तो लांब टोक ओढतो आणि ती घट्ट बसते. उंदीर गाठ ओढत नाही. आत्मारामने ते बघितलं आणि सोडून दिलं. तेव्हा त्याच्यात कशाचा विचार करायची ताकद नव्हती. पुरचुंडी त्याने दाराआडच्या फळीवर ठेवली.

गलबत कुणासाठी थांबत नाही. आत्माराम आणखी दोन फेऱ्या करून चैत्रात परत आला, तेव्हा जनी घरी आलेली होती. पहिलं बाळंतपण माहेरी. सासू सावित्रीबाई स्वतः तिला पोचवायला आली होती. जावई विठू मुंबईला गोदीत.

"आवस नाय म्हणून पोरीचं माहेर तुटलं, असं व्हायला नको," सावित्रीबाई म्हणाली. मग गंगुबाईकडे बघून, "पण तुमच्यानं निभंल ना?"

"मी सात बाळंतपणं काढलीत," गंगुबाई म्हणाली.

"काढलीत खरी," सावित्रीबाई म्हणाली आणि पुढचं बोलली नाही. पुढचं सगळ्यांना कळलं.

ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी आत्माराम वाडीतून आला तर जनी दाराआड उभी. दातांखाली कुरकुर वाजत होती. हातात कौलाचा तुकडा, फळीवरच्या पुरचुंडीतला. बापाला बघून तिने हात पदराखाली घेतला.

"काय खातेस गो?"

"काय नाय."

"बघू."

तिने हात पुढे केला. "आये म्हणायची, बाबा आणतात ते कौल चांगलं असतं. आमच्याकडचं कच्चं." मग जरा हसून म्हणाली, "थोडंच खाल्लं. आणखी हाय ना?"

आत्मारामने तिच्याकडे नीट बघितलं. विहिरीपासून घरापर्यंत येताना ती दोनदा थांबते, हे त्याने बघितलं होतं. पावलं सुजली होती. ओठ आणि चेहरा एकाच रंगाचे होते. मथुरा शेवटच्या गणपतीला अशीच दिसत होती आणि तो म्हणाला होता, गोरी झालीस हां. आता तो तसं म्हणाला नाही.

"उद्या दवाखान्यात जाऊ," तो म्हणाला.

गंगुबाई चुलीपासून ओरडली, "पोटुशीला दवाखान्यात कोण नेतो? चाकू लावतील."

"लावू देत," आत्माराम म्हणाला. असं तो आईशी कधी बोलला नव्हता.

रत्नागिरीच्या दवाखान्यात बायका बघायला एक डॉक्टरीणबाई होती. चाळिशीची, आवाज करडा. तिने जनीची खालची पापणी ओढली आणि आत्मारामला जवळ बोलावलं.

"हे बघा. हे आतून तांबडं असायला हवं. हिचं ओल्या काजूगरासारखं आहे. माती खाते का?"

जनी खाली बघायला लागली.

"माती नाही," आत्माराम म्हणाला. "कौल. मंगळुरी. चांगलं भाजलेलं असतं."

"कुठून मिळतं?"

"मीच आणतो. हिच्या आईलाही आणायचो."

बाई लिहीत होती ती थांबली. "आई कुठे आहे?"

आत्मारामने सांगितलं. मेलेला मुलगा, सुजलेले पाय, पडवीची पायरी, जेवढं त्याला आईकडून कळलं होतं तेवढं. बाईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "रक्तात लोखंड असतं. ते कमी पडलं की बाईला असलं काहीबाही खावंसं वाटतं. माती, कोळसा, कच्चे तांदूळ. पण कौल खाऊन ते भरत नाही. उलट भूक मरते."

"रक्तात लोखंड?" आत्मारामच्या डोळ्यांसमोर गलबताचा नांगर आला.

"फार नाही. पण रोज लागतं. गलबतावर गोड्या पाण्याचं पिंप असतं ना तुमच्या?"

"असतं. माणशी रोज एक तांब्या."

"आज चार दिले तर उद्या नाही दिलं तरी चालेल?"

"नाही चालत. तहान रोजची."

"हे तसंच. आता धरा की तुम्हाला, पुरुषमाणसाला, रोज एक तांब्या पुरतो. मुलगी वयात आली, महिन्याच्या महिन्याला बाजूला बसायला लागली की तिला दोन. पोटुशीला तीन, त्याहून थोडं वर. मूल अंगावर पितंय आणि विटाळ थांबलाय, तोपर्यंत पुन्हा एकच. म्हातारपणी सगळं थांबलं की तिलाही तुमच्याएवढंच."

आत्माराम मनात मोजत होता. मग त्याने विचारलं, "आणि पोर मेलेलं आलं तर?"

"कुणाचं?"

"धरा कुणाचंही."

बाईने त्याच्याकडे बघितलं. "मूल जगो की मरो, बाळंतपणात रक्त जायचं ते जातंच. आणि प्यायला मूल नसलं की विटाळ लवकर सुरू होतो. गेलेलं भरून काढायचं, वर महिन्याचं जातं ते निराळं. तिला सगळ्यांत जास्त लागतं."

तिने काळपट औषधाची बाटली दिली. रोज जेवणानंतर. शौचाला काळी होईल, घाबरायचं नाही. शिवाय नाचणी, कुळीथ, माठाची भाजी, खाडीतल्या तिसऱ्या-शिंपल्या, रोज काही ना काही पोटात जायला हवं. "आणि बाळंत झाली की संपलं असं समजू नका," ती म्हणाली. "बाईचं हे पन्नाशीपर्यंत असतं. रोज."

तरीतून परत येताना जनी बाटली मांडीवर धरून बसली होती. आत्माराम पाण्याकडे बघत होता. गलबतावर पाणी वाटायचं काम त्याच्याकडे होतं. तांडेलाला एक तांब्या, नव्या पोरालाही एक. पंधरा वर्षांत त्याने कुणाला कमी दिलं नव्हतं. घरी मासळीच्या तुकड्या पहिल्या त्याच्या ताटात पडायच्या, मग आईच्या. मथुरा शेवटी जेवायची. भांड्यात तेव्हा कालवणाचा रस असायचा. तो कधी मागे वळून बघत नसे.

घरी बाटली बघून गंगुबाईने कपाळाला हात लावला.

"लोखंड पाजतोस पोरीला? गर्भ भाजंल आतल्या आत. वर कुळीथ नि तिसऱ्या! दोन्ही गरम. पोटुशीला थंड द्यायचं असतं, एवढं तुला कळत नाय?"

"मथुराला थंडच दिलंस ना?" आत्माराम म्हणाला.

बोलून गेल्यावर त्याला वाटलं, हे बोलायला नको होतं. गंगुबाई चुलीपुढे बसली होती. तिने फुंकणी खाली ठेवली. जनी बाहेर पडवीत होती.

"तिने मागितले होते," गंगुबाई म्हणाली.

"काय?"

"अळीव. उठली त्या दिवशी म्हणाली, आत्याबाय, हातपाय गळतात, मूठभर अळीव भिजवू काय? मी म्हटलं, पोर नाय नि अळीव कसले? मग मी शेजारी गेले. आले तर ही उखळावर चढलेली आणि बोचक्याची दोरी ओढतेय. सुटेना." गंगुबाईने पदर तोंडाशी घेतला. "मी हसले रे. म्हटलं, घोवाची गाठ हाय, घो येईल तेव्हा सुटंल. तीपण हसली. उतरली नि कामाला लागली."

आत्माराम बाहेर जाऊन पडवीच्या पायरीवर बसला. आखूड टोक ओढायचं. एवढंच होतं. गलबतावर आलेल्या प्रत्येक नव्या खलाशाला त्याने ही गाठ शिकवली होती, बांधायची आणि सोडायचीही. मथुराला शिकवायचं त्याच्या कधी मनात आलं नाही. बायकोला गाठ कशाला लागते?

मग तो उठला, दाराआडची पुरचुंडी घेतली आणि खाडीत नेऊन टाकली. जनी बघत राहिली. "एक तुकडा तरी ठेवायचात," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो जेवायला बसला आणि म्हणाला, "जने, तूपण बस."

"मी मागनं."

"आता बस."

बापाच्या शेजारी पाट मांडून पोटुशी पोर पुरुषाच्या वेळेला जेवतेय, असं त्या घरात कधी झालं नव्हतं. जनी कोपऱ्यात चोरासारखी बसली. गंगुबाई वाढायला आली. तिने आत्मारामच्या ताटात भात घातला, जनीच्या ताटात भात घातला. मग कुळथाच्या पिठीचा डाव भरून घेतला आणि जरा थांबली. आधी जनीच्या ताटात ओतली.

"खा," ती म्हणाली. "काय वाईट झालं तर तुझ्या बापसाच्या डोक्यावर."

त्यानंतर रोज तसंच. आत्माराम ओहोटीला खाडीत जाऊन तिसऱ्या काढून आणायचा. तांडेल बघून म्हणाला, "काय आत्माराम, बायकांचं काम धरलंस?" तो म्हणाला, "पावसाआधी गलबत वर ओढलंय, बसून काय करू?" औषध तो स्वतः पाजायचा. जनी तोंड वाकडं करायची. "बाबा, खिळे चाटल्यासारखं लागतं." औषधाने दात काळे पडले तेव्हा ती रडली. तो म्हणाला, "घो मुंबईला हाय, त्याला कुठे दिसतात?" तेव्हा ती हसली. मथुरा गेल्यावर त्या घरात कुणी मोठ्याने हसलं ते तेव्हाच.

ज्येष्ठ सरता सरता, एका पावसाळी सकाळी जनी बाळंत झाली. आत्माराम पडवीत त्याच पायरीवर बसला होता. आतून सखू सुईणीचा आवाज येत होता, मग येईनासा झाला. मग पोरगं रडलं. तो उठला नाही. आणखी एक आवाज ऐकायचा होता. बऱ्याच वेळाने जनी आतून म्हणाली, "आजी, भूक लागली."

मुलगी झाली होती. लहानशी, पण आवाज खणखणीत. रक्त याही खेपेला गेलं होतं, सखूने सांगितलं, पण पोरीत धग होती.

गंगुबाई आढ्याचं बोचकं काढून घेऊन आली आणि आत्मारामपुढे ठेवलं.

"सोड," ती म्हणाली.

त्याने आखूड टोक ओढलं. सुटलं नाही. मथुराने ओढून ओढून गाठीचा दगड केला होता. कोयती शेजारीच होती. ती त्याने घेतली नाही. नखांनी, मग दातांनी काथ्याचा एक एक पेड सैल करत तो बसला. अर्धा तास लागला असेल. आत काळे-तांबूस अळीव तसेच होते. गंगुबाईने ओंजळ भरून घेतले आणि आत गेली.

सव्वा महिना जनीने अळीव खाल्ले. गुळात शिजवलेली खीर, कधी नारळात वळलेला लाडू. पापणी ओढून बघायला आत्माराम शिकला होता. आत लाली येत होती. पुरेशी नव्हती, पण येत होती.

श्रावणात सावित्रीबाई न्यायला आली. नात बघून म्हणाली, "पोरगीच, पण नाकाडोळ्यांनी बरी हाय." कुंची आणली होती, चांदीचं वाळं आणलं होतं. जेवताना म्हणाली, "शेतात राबायला माणूस नाय आमच्याकडे. जनी आली की बरं." सावित्रीबाई वाईट बाई नव्हती. तिच्या घरी मथुराच्या घरासारखंच होतं. आधी पुरुष, मग सासू, मग उरेल ते. शिवाय काशी नावाची तिची बारा वर्षांची मुलगी होती. तिची आता पाळी यायची.

आत्मारामने आदल्या दिवशी आईला विचारलं होतं, "आये, तू सांगशील तिला? डॉक्टरीणबाई बोलली ते?"

"मी कुठच्या तोंडाने सांगू?" गंगुबाई म्हणाली. "ती विचारील, सुनेला काय दिलंस?"

म्हणून निघायच्या वेळेला तोच पडवीत सावित्रीबाईपुढे उभा राहिला.

"विहीणबाई, एक सांगायचं होतं."

"सांगा की."

"जनीच्या जेवणाचं."

"का?" सावित्रीबाईचा आवाज बदलला. "आम्ही काय उपाशी ठेवतो?"

"तसं नाय."

"मग कसं?"

महिना, विटाळ, रक्त. हे शब्द तो दवाखान्यात ऐकून आला होता. मथुराशी अठरा वर्षांच्या संसारात त्याने यातला एकही तोंडाने उच्चारला नव्हता. ती बाजूला बसली की तो त्या चार दिवसांत तिच्याकडे बघायचाही नाही. आता मुलीच्या सासूपुढे, अंगणात बाळा आणि गाडीवाला उभे असताना, ते कसे बोलायचे?

"तिला नाचणी जरा जास्त लागते," तो म्हणाला.

सावित्रीबाई हसली. "अवो, एवढंच होय? नाचणीला काय तोटा आमच्याकडे!"

गाडी तरीच्या वाटेला लागली. जनीने मागे बघून हात हलवला. औषधाची उरलेली बाटली तिच्या बोचक्यात होती, पण ती महिनाभराचीच होती. अळीव संपले होते.

नारळी पौर्णिमा झाल्यावर गलबत पाण्यात गेलं. मंगळूरला कारखान्याच्या आवारात फुटक्या कौलांचा ढीग होता, दरवर्षी असतो तसा. आत्मारामचा हात सवयीने खाली गेला. एक पातळसा तुकडा त्याने उचलला, बघितला आणि परत टाकला.

गलबतावर पाणी तोच वाटतो. माणशी रोज एक तांब्या. जनीच्या मुलीला दात आलेत, असा बाळाकडून निरोप आहे. म्हणजे ती आता थोडंफार खाते. तिचं अंगावरचं पिणं सुटेल आणि मग जनीला पुन्हा महिन्याला बाजूला बसावं लागेल. दोन तांबे, रोज. काशीलाही दोन. हे सावित्रीबाईला सांगायचं राहिलं आहे.